विभाजनाविना बहुगुणन : बिंबाणू घडविणारी महाकेंद्रकी पेशी आणि डेंग्यूतील ‘पेशी कमी होणे’

प्रस्तावना

पावसाळा ओसरू लागला की कासा, चारोटी, तलासरी या पट्ट्यात एक वाक्य वारंवार कानी पडते : ‘पेशी कमी झाल्या.’ आठवडाभर वर्गात न दिसलेला विद्यार्थी परत येतो, तेव्हा त्याच्या रजेच्या अर्जाला रक्ततपासणीचा कागद जोडलेला असतो आणि त्यावरील एका आकड्याभोवती पेनाने वर्तुळ काढलेले असते. काही घरांत त्याच आकड्याला ‘पांढऱ्या पेशी’ असेही म्हणतात. वस्तुतः तो आकडा बिंबाणूंचा, म्हणजे प्लेटलेटचा असतो. बिंबाणू ही पांढरी पेशी नव्हे. काटेकोर अर्थाने ती पूर्ण पेशीसुद्धा नव्हे. अस्थिमज्जेतील एका अवाढव्य पेशीच्या पेशीद्रवाचा तो सुटलेला तुकडा असतो. त्यात केंद्रक नसते, म्हणून केंद्रकातील डीएनएही नसतो.

आकडा खाली आला की घरात धावपळ सुरू होते. कोणी पपईची पाने शोधते, कोणी गाडी ठरवून डहाणू, वापी किंवा मुंबईची वाट धरते, कोणी पिशवीसाठी रक्तदाते गोळा करते. दोन-तीन दिवसांत आकडा वर येतो आणि त्या दिवशी जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळते. या श्रेयाचा फार मोठा भाग प्रत्यक्षात अस्थिमज्जेतील त्या अवाढव्य पेशीचा असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते पटवून घ्यायचे तर या पेशीची एक विलक्षण रीत समजून घ्यावी लागते. ही पेशी आपला डीएनए दुप्पट, चौपट, आठपट करीत जाते. परंतु स्वतः दोन होत नाही.

बिंबाणू कोठून येतात

इटलीतील जुलिओ बिझोझेरो यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस अस्थिमज्जेतील या मोठ्या पेशींचे वर्णन केले, आणि १८८२ मध्ये रक्तातील बिंबाणू हा स्वतंत्र घटक असून रक्तस्राव थांबविण्यात त्याचा वाटा आहे हे दाखवून दिले. या दोहोंचा परस्परसंबंध मात्र त्यांच्या ध्यानी आला नाही. १८९० मध्ये अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम हॉवेल यांनी मोठ्या पेशीला ‘मेगाकॅरिओसाइट’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘मेगा’ म्हणजे मोठे आणि ‘कॅरिऑन’ म्हणजे गर, बी किंवा केंद्रक. म्हणून येथे तिला महाकेंद्रकी पेशी म्हटले आहे. दोन्ही टोके जुळविण्याचे काम १९०६ मध्ये बॉस्टन येथील जेम्स होमर राइट यांनी केले. आपण स्वतः सिद्ध केलेल्या रंजकाने त्यांनी अस्थिमज्जेचे छेद रंगविले, तेव्हा बिंबाणूंतील जांभळट-तांबडे कण आणि महाकेंद्रकी पेशीच्या पेशीद्रवातील कण हुबेहूब एकसारखे दिसले. या पेशींचे लांब फाटे मज्जेतील रक्तवाहिन्यांत शिरलेलेही त्यांनी पाहिले. आपल्या प्रयोगशाळांत रक्तलेपासाठी वापरले जाणारे लिशमन रंजक हे राइट यांच्या रंजकाचेच भावंड आहे.

अस्थिमज्जेतील केंद्रकयुक्त पेशींमध्ये महाकेंद्रकी पेशींचे प्रमाण फारच अल्प असते; दहा हजारांत एक ते पाच, एवढेच. आकार मात्र असा की सूक्ष्मदर्शकाच्या कमी वर्धनक्षमतेतही त्या नजरेत भरतात. त्यांचा व्यास ५० ते १०० मायक्रॉन असतो, तर बिंबाणूचा २ ते ३ मायक्रॉन. येथे विद्यार्थ्यांची एक चूक हमखास होते. अस्थिमज्जेत आणखी एक मोठी पेशी आढळते, ती म्हणजे हाड झिजविणारी अस्थिभक्षी पेशी. तिच्यात अनेक सुटी केंद्रके असतात, कारण अनेक पेशी एकमेकींत मिसळून ती तयार झालेली असते. महाकेंद्रकी पेशीत केंद्रक एकच असते, पण ते फुगून खंडाखंडांचे, गोबीच्या गड्ड्यासारखे झालेले असते. पहिली मोठी होते ती इतरांना सामावून घेऊन. दुसरी मोठी होते ती स्वतःची फाळणी नाकारून.

आता थोडा हिशेब करू. प्रौढ व्यक्तीच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख बिंबाणू असतात आणि त्यांचे आयुष्य ८ ते १० दिवसांचे असते. सुमारे पाच लिटर रक्त धरले तर ही संख्या टिकविण्यासाठी शरीराला दररोज दहा हजार कोटींच्या आसपास नवे बिंबाणू घडवावे लागतात. एका महाकेंद्रकी पेशीपासून साधारण एक ते तीन हजार बिंबाणू निघतात. म्हणजे दररोज तीन ते दहा कोटी महाकेंद्रकी पेशी पूर्ण वाढीला येऊन स्वतःला संपवून टाकीत असल्या पाहिजेत. एवढी मोठी मागणी एवढ्या विरळ पेशी कशा पुरवितात, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या केंद्रकात आहे.

वाटणी मोडते कोठे

कांद्याच्या मुळाच्या टोकाचा दाबलेप करून सूत्री विभाजनाच्या अवस्था दाखविणे हे पदवी वर्गाच्या पहिल्या प्रात्यक्षिकांपैकी एक. डीएनएचे द्विगुणन होते. पूर्वावस्थेत गुणसूत्रे आखूड व जाड होतात. केंद्रकपटल नाहीसे होते. मध्यावस्थेत गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर रांगेत येतात. पश्चावस्थेत अर्धगुणसूत्रे विरुद्ध ध्रुवांकडे ओढली जातात. अंत्यावस्थेत दोन केंद्रके तयार होतात. त्यानंतर परिकल विभाजन होऊन पेशीद्रवाची वाटणी होते. प्राणिपेशीत ही वाटणी पेशीच्या कमरेभोवती आवळत जाणाऱ्या एका वलयाने होते. ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे हे वलय कंबरपट्ट्यासारखे घट्ट होत जाते आणि खाच खोल होत होत पेशी दोन होतात.

महाकेंद्रकी पेशी यातील कोणती पायरी गाळते? बरीच वर्षे असा समज होता की ती सूत्री विभाजनाच्या वाटेलाच जात नसावी. तसे निसर्गात घडतेही. कायरोनोमस या डासासारख्या माशीच्या अळीच्या लालाग्रंथीतील महागुणसूत्रे प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना परिचित आहेत. बाल्बिआनी यांनी ती १८८१ मध्ये पाहिली. तेथे डीएनए पुनःपुन्हा दुप्पट होतो, पण गुणसूत्रे अलग होत नाहीत, केंद्रकपटल विरत नाही, तर्कुतंतू बनत नाहीत. सूत्री विभाजनाला सर्वस्वी वळसा घालून होणाऱ्या या प्रकाराला अंतर्गत द्विगुणन म्हणता येईल. मक्याच्या दाण्यातील भ्रूणपोषातही हाच प्रकार चालतो.

महाकेंद्रकी पेशी ही वाट धरीत नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपान व फ्रान्स येथील संशोधकांनी तिचे निरीक्षण केले तेव्हा असे दिसले की, ती सूत्री विभाजनात रीतसर प्रवेश करते. केंद्रकपटल विरते, गुणसूत्रे आखडतात, तर्कुतंतू उभे राहतात, अर्धगुणसूत्रे एकमेकांपासून सुटतातही. एवढे सगळे झाल्यावर कामकाज अर्ध्यात थांबते. अलग झालेल्या सर्व संचांभोवती मिळून एकच केंद्रकपटल तयार होते आणि पेशी पुन्हा पुढच्या द्विगुणनाच्या तयारीला लागते. या प्रकाराला एन्डोमायटोसिस अर्थात अंतःसूत्री विभाजन म्हणतात.

पुढे जिवंत पेशींचे चलच्चित्रण शक्य झाले, तेव्हा त्याहून सूक्ष्म गोष्ट ध्यानात आली. पहिल्या फेरीत, म्हणजे गुणसूत्रांच्या दोन संचांवरून चार संचांवर जाताना, परिकल विभाजनाची खाच प्रत्यक्ष पडते. कमरपट्टा आवळू लागतो. दोन कन्यापेशी आता सुट्या होणार, असे वाटत असतानाच खाच मागे सरते, दोन्ही अर्ध पुन्हा एकमेकांत मिसळतात आणि एकच पेशी उरते. भावाभावांत वाटणीची बोलणी व्हावीत, शेताचा बांध अर्धा घालून व्हावा आणि ऐन वेळी कोणीतरी तो सपाट करून एकत्र कुटुंब राखावे, तसाच हा प्रकार. पुढील फेऱ्यांत तर्कूला दोनाऐवजी चार, आठ असे ध्रुव फुटतात, गुणसूत्रे गोलाकार मांडली जातात आणि केंद्रकाला खंड पडत जातात.

बांध सपाट कोण करते, याचेही बरेच उत्तर मिळाले आहे. आवळणाऱ्या वलयाला मायोसिनचे दोन प्रकार लागतात. त्यांपैकी ‘दोन-बी’ हा प्रकार तयार करणारे ‘एमवायएच-१०’ जनुक महाकेंद्रकी पेशी परिपक्व होत असताना बंद पडते. ते बंद करण्याचे काम ‘रन्क्स-१’ हे नियामक प्रथिन करते, असे २०१२ मध्ये दाखविण्यात आले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने वलय आवळण्याची आज्ञा देणाऱ्या ‘रो-ए’ या प्रथिनाला जागे करणारे दोन घटक या पेशीत टप्प्याटप्प्याने कमी होतात हे दाखविले. एक घटक पहिल्या फेरीपूर्वी घटतो, दुसरा पुढच्या फेऱ्यांपूर्वी. थोडक्यात, वाटणी अपघाताने फसत नाही. ती ठरवून मोडली जाते. ‘रन्क्स-१’ मधील जन्मजात दोष असलेल्या काही कुटुंबांत बिंबाणू कमी असतात आणि रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढलेला असतो, ही गोष्ट याच संदर्भात पाहावी.

येथे वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांना कॉल्चिसिनची आठवण होईल. श्रावण-भाद्रपदात आपल्याकडील कुंपणांवर आणि रानाच्या कडेला लाल-पिवळ्या पाकळ्यांची कळलावी फुलते. तिच्या कंदात आणि बियांत कॉल्चिसिन असते. १९३७ मध्ये ब्लेकस्ली आणि ॲव्हरी यांनी कॉल्चिसिनने वनस्पतींत गुणसूत्रांचे संच वाढविता येतात हे सिद्ध केले आणि बहुगुणित पिकांचा मार्ग खुला झाला. परिणाम वरवर सारखा असला तरी रीत उलट आहे. कॉल्चिसिन तर्कुतंतू उभेच राहू देत नाही. महाकेंद्रकी पेशीत तर्कुतंतू उत्तम काम करतात, बिघाड शेवटच्या पायरीवर योजलेला असतो. शिवाय कॉल्चिसिन हे विष आहे. कळलावीचा कंद पोटात गेलेल्या रुग्णांत काही दिवसांनी अस्थिमज्जेचे काम मंदावते आणि बिंबाणू घटतात. विद्यार्थ्यांना हे फूल दाखविताना एवढे आवर्जून सांगावे.

संच किती आणि कशासाठी

मानवी देहपेशीत गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे ४६ गुणसूत्रे असतात. महाकेंद्रकी पेशीत हे संच ४, ८, १६, ३२, ६४ असे वाढत जातात. क्वचित १२८ पर्यंत पोहोचतात. प्रौढ माणसात सर्वाधिक पेशी १६ संचांच्या असतात. १६ संच म्हणजे ३६८ गुणसूत्रे. ६४ संच म्हणजे १,४७२. कोणत्याही इतर पेशीत असा प्रकार दिसला तर विकृतिशास्त्रज्ञ कर्करोगाची शंका घेतील. येथे तो आरोग्याचा भाग आहे. यकृतातील व हृदयाच्या स्नायूतील पेशींतही संच वाढतात, पण इतके नव्हेत.

या वाढीचा लाभ असा की, सगळे संच कार्यरत राहतात. फळमाशीच्या लालाग्रंथीत डीएनएचे काही भाग पूर्ण द्विगुणित होत नाहीत. महाकेंद्रकी पेशीत संपूर्ण जनुकसंच दर वेळी दुप्पट होतो आणि वाढलेल्या प्रतींवरूनही आरएनए तयार होत असल्याचे निरीक्षणांतून दिसले आहे. सोळा संचांच्या पेशीजवळ एकाच ओळीच्या आठ पट प्रती असतात आणि त्या सर्वांवरून प्रथिनांची नक्कल चालू असते. त्या बळावर पेशीद्रव प्रचंड वाढते. आत पटलांचे घनदाट जाळे विणले जाते. पुढे हजारो बिंबाणूंना लागणारे आवरण तेथे आधीच घडी घालून ठेवलेले असते. रक्त गोठविण्यास मदत करणाऱ्या प्रथिनांनी भरलेले कण तयार होतात. मग पेशी मज्जेतील रक्तवाहिनीच्या भिंतीला टेकते आणि भिंतीतून आत लांब, मणी ओवल्यासारखे धागे सोडते. रक्ताच्या प्रवाहाने ते तुटतात आणि बिंबाणू सुटे होतात. काही महाकेंद्रकी पेशी सबंधच रक्तातून फुफ्फुसात जातात आणि तेथे बिंबाणू सोडतात. उंदरांमध्ये एकूण बिंबाणूंपैकी जवळजवळ निम्मे फुफ्फुसात सुटतात, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

या सगळ्या खटाटोपात केंद्रक मागे राहते. इतक्या कष्टाने सोळापट, बत्तीसपट केलेला डीएनए एकाही बिंबाणूच्या वाट्याला येत नाही. पेशीद्रव संपले की उघडे पडलेले केंद्रक मज्जेतील भक्षक पेशी गिळून टाकतात. पुढच्या पिढीला वारसा म्हणून देण्यासाठी डीएनए दुप्पट करणे हा पेशींचा सर्वसाधारण धर्म. येथे तो केवळ कामापुरता वाढविला जातो. शिकविताना हा मुद्दा विद्यार्थ्यांच्या लक्षात विशेष राहतो, असा अनुभव आहे.

नवजात अर्भकाच्या महाकेंद्रकी पेशी लहान व कमी संचांच्या असतात. बिंबाणू घटले तर प्रौढ शरीर महाकेंद्रकी पेशींची संख्या आणि त्यांचे संच अशा दोन्ही बाजूंनी प्रतिसाद देते. अर्भकाला दुसरी बाजू नीट साधत नाही. अपुऱ्या दिवसांच्या आजारी बाळांत बिंबाणू घटणे वारंवार आढळते, त्यामागील कारणांपैकी हे एक मानले जाते.

याच ज्ञानाचा एक उलटा उपयोगही सुचला आहे. महाकेंद्रकी पेशींच्या पूर्वज पेशींचा एक रक्तकर्करोग असतो; डाऊन लक्षणसमूह असलेल्या बालकांत तो अधिक आढळतो. त्यात पेशी मोठ्या होण्याऐवजी विभाजत राहतात. त्यांना औषधाने संच वाढविण्याच्या वाटेला लावले तर त्या आपोआप परिपक्व होऊन विभाजन थांबवितात, असे २०१२ मध्ये प्रयोगशाळेत व उंदरांत दिसून आले.

मागणी आणि पुरवठा

कोणत्या वेळी किती महाकेंद्रकी पेशी वाढवायच्या आणि त्यांचे संच कितीपर्यंत न्यायचे, हे मुख्यतः थ्रॉम्बोपोएटिन या संप्रेरकावर अवलंबून असते. १९९४ मध्ये अनेक गटांनी जवळजवळ एकाच वेळी ते वेगळे केले. ते प्रामुख्याने यकृतात तयार होते. त्याच्या नियंत्रणाची रीत साधी आहे. बिंबाणूंच्या पृष्ठभागावर या संप्रेरकाचे ग्राही असतात. रक्तात बिंबाणू भरपूर असले की ते संप्रेरक शोषून घेतात आणि मज्जेपर्यंत थोडेच पोहोचते. बिंबाणू घटले की शोषणारे कोणी उरत नाही, संप्रेरकाची रक्तातील पातळी चढते, मज्जेतील महाकेंद्रकी पेशी अधिक फेऱ्या घेतात आणि अधिक बिंबाणू सोडतात. निरोप पाठविणारा वेगळा जासूद येथे नाही. मालाचा तुटवडा हाच निरोप.

मात्र या व्यवस्थेला वेळ लागतो. पूर्वज पेशीपासून निघून संच वाढवीत, पेशीद्रव भरीत बिंबाणू सुटेपर्यंत माणसात सुमारे पाच दिवस जातात. अर्ध्या वाटेवर असलेल्या पेशी अर्थातच लवकर पोहोचतात. पुढील विवेचनात हा कालावधी लक्षात ठेवावा.

डेंग्यूच्या तापातील आठवडा

डेंग्यूमध्ये बिंबाणू दोन बाजूंनी घटतात. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत विषाणूच्या प्रभावाने अस्थिमज्जेचेच काम मंदावते. त्याच सुमारास रक्तातील बिंबाणूंचा नाशही वाढतो. विषाणू त्यांना उद्दीपित करतो, प्रतिपिंडे त्यांच्यावर बसतात, आणि प्लीहा व यकृतातील भक्षक पेशी त्यांना उचलतात. परिणामी आकडा साधारणपणे पाचव्या ते सातव्या दिवशी तळाला जातो. कुटुंबाची घबराट नेमकी तेव्हा शिगेला पोहोचलेली असते.

परंतु मज्जेचे वेळापत्रक रक्ताच्या वेळापत्रकाच्या दोन-तीन दिवस पुढे असते. १९६० च्या दशकात थायलंडमधील रुग्णांच्या अस्थिमज्जेचा अभ्यास झाला. त्यात सुरुवातीला पेशी विरळ आढळल्या, आणि ताप उतरण्याच्या सुमारास मज्जा पुन्हा भरू लागलेली, महाकेंद्रकी पेशींनी युक्त अशी दिसली. म्हणजे अहवालातील आकडा तळाला असतो, त्या दिवशी आतला कारखाना बहुधा सुरू झालेला असतो. थ्रॉम्बोपोएटिन चढलेले असते, पेशी सोळा-बत्तीस संचांच्या होत असतात. माल बाहेर पडायचा तेवढा राहिलेला असतो. म्हणूनच नंतरची चढण इतकी झपाट्याची असते. पंधरा हजारांचा आकडा दोन-तीन दिवसांत लाखाकडे जाताना दिसतो, तो यामुळे.

काही आधुनिक रक्तगणक यंत्रे अपक्व बिंबाणूंचे प्रमाण वेगळे मोजतात. नुकतेच सुटलेले हे बिंबाणू आकाराने मोठे असून त्यांत आरएनए शिल्लक असतो. एकूण आकडा वर येण्याआधी हे प्रमाण वाढते. धूर दिसला की चूल पेटली असे ओळखावे, त्यातला हा प्रकार. अशी सोय असेल तेथे तिचा उपयोग अनावश्यक धावपळ टाळण्यासाठी होऊ शकतो.

पपईच्या पानांच्या रसाविषयी येथे बोलणे भाग आहे. काही चिकित्सालयीन चाचण्यांत या रसाने किंवा अर्काने आकडा थोडा लवकर वाढल्याचे नोंदले गेले आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली मलेशियातील चाचणी त्यांपैकी एक. रस घेतल्याने रक्तस्राव किंवा मृत्यू टळतात, असे मात्र सिद्ध झालेले नाही. साधारणतः तो पाचव्या-सहाव्या दिवशी, आकडा घसरल्यावर, सुरू केला जातो आणि सातव्या-आठव्या दिवशी आकडा चढतो. रस न घेणाऱ्याचाही आकडा बहुधा त्याच दिवशी चढतो. तुलनेसाठी दुसरा गट नसताना घरोघरी काढलेले हे अनुमान किती डळमळीत आहे, हे संशोधनपद्धती शिकविणाऱ्यांना सांगायला नको. उलट्या होत असलेल्या रुग्णाला अतिशय कडू रस पाजून त्याच्या पोटातील पाणी बाहेर काढणे, हे तर उघड नुकसानीचे.

पिशवीचा प्रश्न

बिंबाणूंच्या पिशवीकडेही हिशेबी दृष्टीने पाहावे. एका रक्तदात्याच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या पिशवीत सुमारे पाच हजार कोटी बिंबाणू असतात. प्रौढाचा आकडा तिने पाच ते दहा हजारांनी वाढतो. निरोगी मज्जा अशा दोन पिशव्यांइतके बिंबाणू रोज घडविते आणि मागणी वाढली की त्याच्या कित्येक पट. शिवाय डेंग्यूत बाहेरून दिलेले बिंबाणूही स्वतःच्या बिंबाणूंप्रमाणेच नष्ट होतात, त्यामुळे वाढलेला आकडा फार काळ टिकत नाही.

सिंगापूर व मलेशियातील ३७२ प्रौढ डेंग्यूरुग्णांवरील चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केली. या सर्वांचे बिंबाणू वीस हजार किंवा त्याहून कमी होते आणि त्यांना रक्तस्राव होत नव्हता. निम्म्यांना केवळ खबरदारी म्हणून बिंबाणू देण्यात आले. त्यांच्यात रक्तस्राव कमी झाला नाही; दुष्परिणाम मात्र अधिक झाले. भारतातील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही रक्तस्राव नसताना आकडा दहा हजारांच्या खाली गेल्यावरच खबरदारीच्या बिंबाणूंचा विचार सांगतात. प्रत्यक्ष रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी. तेथे पिशवी जीव वाचवू शकते, आणि तो निर्णय डॉक्टरांचा आहे.

कासासारख्या ठिकाणी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. तांबड्या पेशींची पिशवी शीतकपाटात महिनाभराहून अधिक टिकते. बिंबाणू थंडीत ठेवले तर शरीरात गेल्यावर लगेच काढून टाकले जातात. ते २० ते २४ अंश सेल्सिअस तापमानाला, सतत हलत्या फळीवर ठेवावे लागतात आणि साधारण पाचच दिवस वापरता येतात. त्यांचा साठा मोठ्या रक्तपेढीतच परवडतो. चारोटी नाका मुंबई-अहमदाबाद महामार्गावर असल्याने रुग्णाला घेऊन लांबच्या शहराकडे निघणे सोपे वाटते. पण केवळ आकड्याच्या भीतीने, रक्तस्राव नसताना, सलाईन काढून रुग्णाला दोन-तीन तास गाडीत बसविणे हे त्याच्या आजाराचा सर्वांत नाजूक काळ रस्त्यावर घालविण्यासारखे आहे.

तो नाजूक काळ बिंबाणूंचा नसतोच. डेंग्यूत प्राण जातात ते प्रामुख्याने रक्तद्रव केशवाहिन्यांतून बाहेर झिरपल्यामुळे. रक्त घट्ट होते, रक्तदाब कोसळतो आणि अवयवांना पुरवठा होत नाही. हे ताप उतरण्याच्या वेळी, तिसऱ्या ते सातव्या दिवसांदरम्यान घडते. म्हणून ‘ताप गेला, आता बरे वाटेल’ हा समजही घातक ठरू शकतो. त्या वेळी पाहण्याचा आकडा हेमॅटोक्रिटचा, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींच्या शेकडा प्रमाणाचा असतो. तो त्याच कागदावर, बहुधा वर्तुळाच्या बाहेर, छापलेला असतो. तो चढत असेल आणि बिंबाणू उतरत असतील तर झिरपणे सुरू झाले असे समजतात. वसतिगृहातील विद्यार्थी आजारी असेल तर अधीक्षकांनी पोटातील तीव्र वेदना, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, थंड पडलेले हातपाय, गुंगी अथवा बेचैनी आणि लघवी कमी होणे यांकडे लक्ष ठेवावे. यांतील एकही लक्षण दिसले तर आकडा कितीही असो, विनाविलंब जवळच्या रुग्णालयात न्यावे. कासा येथे उपजिल्हा रुग्णालय आहे.

आणखी एक गोष्ट औषधांच्या पेटीविषयी. अंगदुखी व तापासाठी घरात असलेली ॲस्पिरिनची गोळी डेंग्यूच्या शंकेत देऊ नये. आयबुप्रोफेनही टाळावे आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन बिंबाणूंतील एका विकराला कायमचे निकामी करते. इतर पेशी असे विकर पुन्हा तयार करू शकतात, कारण त्यांच्याजवळ केंद्रक असते. बिंबाणूजवळ ते नाही. केंद्रकातील डीएनए महाकेंद्रकी पेशीतच मागे राहिलेला आहे. म्हणून एका गोळीने बाधित झालेला बिंबाणू त्याच्या उरलेल्या आयुष्यभर बाधितच राहतो, आणि महाकेंद्रकी पेशी नवे बिंबाणू सोडून त्यांची जागा भरून काढीपर्यंत आठ-दहा दिवस जातात.